जपानी शहराचं चिन्ह वाचायचं कसं

आमच्या शाळेच्या हॉलमध्ये योकोहामा शहराचं चिन्ह डोकं खाली, पाय वर असं लागलं होतं. छापून आलं तेच उलटं, आणि आम्ही चार खिळे ठोकून तसंच लावून टाकलं. मुंबई आणि योकोहामा ही १९६५ पासून भगिनी शहरं. त्या नात्याचा छोटासा कार्यक्रम होता आणि एक वयस्कर जपानी पाहुणे आले होते. ते फलकासमोर थांबले, मान किंचित तिरकी केली. बोलले काहीच नाहीत. मग डावा तळहात उघडला, उजव्या हाताच्या बोटाने त्यावर चार रेघा ओढल्या आणि हळूच म्हणाले, "हा. मा."

त्यांचं ते बोट अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. चित्रकला शिकवण्यात माझी तोवर एकोणतीस वर्षं गेली होती. इलेमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या कितीतरी मुलांचं अक्षरलेखन मी घोटून घेतलेलं. आणि समोर टांगलेलं अक्षर मला अक्षर म्हणून दिसलंच नाही, नक्षी म्हणून दिसलं. त्याच रात्री शोधायला बसले. आता निवृत्त झाले आहे. दर शनिवारी काळाचौकीला आमच्या चाळीच्या गॅलरीत सातवी-आठवीतली पाच-सहा मुलं येतात, आणि आम्ही एकेक जपानी शहर घेऊन त्याचं चिन्ह, फूल, झाड, पक्षी वाचत बसतो. ते कसं, ते इथे सांगते. वही, पेन्सिल, कंपास आणि ग्राफ पेपर जवळ घेऊन बसा, कारण नुसतं वाचून हे हाती लागत नाही.

थोडं मागचं आधी. जपानमध्ये नवी नगरव्यवस्था १८८९ साली अमलात आली आणि तिथून पुढे शहरांनी स्वतःची चिन्हं ठरवायला सुरुवात केली. त्याआधी घराण्यांची चिन्हं होतीच. त्यांना 'कामोन' म्हणतात. सरदाराच्या निशाणावर, कंदिलावर, किमोनोच्या पाठीवर एकाच रंगात, दुरून ओळखू येईल असा गोलसर आकार. शहरांनी वळण तेच उचललं. आज तिथे सतराशेहून अधिक नगरं, गावं आणि शहरं आहेत आणि बहुतेक प्रत्येकाचं स्वतःचं चिन्ह आहे. शिवाय फूल, झाड, पुष्कळदा पक्षी आणि कुठे कुठे गाणंही. आपल्याकडे ताम्हण, आंबा, हरियाल आणि शेकरू ही राज्याची मानचिन्हं. परळचं किंवा पवईचं फूल कोणतं, हे आपण कधी ठरवलं नाही. योकोहामात मात्र अठरा प्रभाग आहेत आणि त्यांचीही आपापली फुलं आहेत.

पहिलं काम: अक्षर शोधा

चिन्ह हातात आलं की आधी शहराचं नाव मोठ्याने म्हणा. जुन्या चिन्हांपैकी बऱ्याच चिन्हांत नावातलं एखादं अक्षर दडलेलं असतं. ते सापडलं की चिन्हाची वरची बाजू कोणती हेही कळतं. आम्हाला हेच माहीत नव्हतं.

जपानीत काताकाना नावाची लिपी आहे, सरळ आणि टोकदार रेघांची. तिच्यातला 'हा' म्हणजे दोन रेघा. डावी खाली डावीकडे उतरते, उजवी खाली उजवीकडे. दोन्ही वर जवळ येतात पण टेकत नाहीत, तंबूचा कळस उघडा राहावा तशा. 'मा' हाही दोनच रेघांचा. पहिली रेघ आडवी जाते आणि टोकाशी वळून तिरकी खाली डावीकडे येते. दुसरी आखूड, वरून खाली उजवीकडे, तिच्या पायाशी. ही दोन अक्षरं वहीत वीस-वीस वेळा काढा. बोटाला वळण बसलं की योकोहामाचं चिन्ह उघडून बघा. त्यात 'हा' आणि 'मा' एकमेकांत बसवून एकच आकार केलेला आहे. पाहुण्यांनी तळहातावर ओढलेल्या चार रेघा त्याच.

'योको' म्हणजे आडवं, 'हामा' म्हणजे किनारा, पुळण. आडव्या वाळूच्या पट्ट्यावर वसलेलं कोळ्यांचं गाव होतं ते. १८५९ मध्ये तिथलं बंदर परदेशी जहाजांसाठी उघडलं आणि बघता बघता गावाचं शहर झालं. बंदराला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९०९ साली, हे चिन्ह ठरलं. अख्ख्या नावातून त्यांनी नेमका 'हामा' ठेवला, किनारा तेवढा ठेवला. आजही तिथले लोक आपल्या शहराला लाडाने 'हामा' म्हणतात आणि अस्सल तिथला माणूस स्वतःला 'हामाक्को' म्हणवतो, किनाऱ्याचं पोर. आपण गिरगावकर, लालबागकर म्हणताना जी मान ताठ होते, ती तीच.

त्याच १९०९ मध्ये शहराचं गाणंही झालं. शब्द मोरी ओगाई या मोठ्या लेखकाचे. एके काळी इथे चार झोपड्यांचा धूर तुरळक उठत असे आणि आता पाहा किती जहाजं येतात, असा त्याचा आशय. तिथल्या शाळांत मुलं ते शिकतात. चिन्ह आणि गाणं एकाच वर्षाचं, आणि दोन्हींत गोष्ट एकच, तो किनारा. म्हणून मी मुलांना सांगते, चिन्ह वाचून झालं की शहराचं गाणं आहे का तेही बघा, पुष्कळदा एक दुसऱ्याचा अर्थ फोडून सांगतं.

सरावाला नागोया घ्या, सगळ्यात सोपं. कंपासने वर्तुळ काढा, आत जपानी आठचा आकडा. तो 'हा'सारखाच दिसतो, खाली फाकत जाणाऱ्या दोन रेघांचा. याला 'मारु-हाची' म्हणतात, गोल-आठ. ओवारी प्रांताच्या तोकुगावा घराण्याची ही खूण १९०७ मध्ये शहराने घेतली. आठचा आकडा खाली रुंदावत जातो, म्हणून जपानमध्ये तो भरभराटीचा मानतात. मुलांना इथे एक गंमत वाटते: दोन रेघा तशाच, पण योकोहामात त्या अक्षर आहेत आणि नागोयात आकडा. म्हणून आकार ओळखला की लगेच वही मिटायची नाही; शहराच्या नावाशी आणि इतिहासाशी तो जुळवून बघायचा.

कोबेचं चिन्ह आमच्या गॅलरीत सगळ्यांच्या आवडीचं, आणि त्याचं कारण गिरणगावात आहे. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कंपनीने कोबे ते मुंबई अशी बोटसेवा सुरू केली, त्यात जमशेटजी टाटांचा पुढाकार होता. इथला कापूस त्या बोटींनी तिकडच्या गिरण्यांना जात असे. माझे आजोबा साचेखात्यात होते. ज्या शहरात गिरणीच्या भोंग्यावर घरं जागी व्हायची, त्या शहराचा कापूस जिथे उतरला ते हे बंदर. कोबेचं नाव जुन्या लेखनात 'काउबे' असं लिहीत. त्यातल्या 'का' अक्षराला वळण देऊन १९०७ मध्ये चिन्ह केलं, आणि ती वळणं म्हणजे शेजारी शेजारी उघडलेल्या पंख्यांसारखी ह्योगो आणि कोबे ही दोन बंदरं.

आणि नागासाकी. तिथलं बंदर आकारामुळे 'करकोच्याचं बंदर' म्हणून ओळखलं जायचं. म्हणून नावातलं पहिलं चित्राक्षर धावत्या लिपीत लिहून त्याचाच क्रौंच पक्षी केला. अक्षर आधी की पक्षी आधी, सांगता येऊ नये असं ते काम आहे. हे चिन्ह लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

अक्षर सापडलं नाही तर पाणी शोधा

ओसाकाच्या चिन्हात अक्षर शोधून दमाल. ती वस्तू आहे, 'मिओत्सुकुशी'. योदो नदी गाळ आणून टाकायची आणि जुनं बंदर उथळ होत जायचं. खोल पाणी कुठून कुठे आहे हे नावाड्यांना कळावं म्हणून पाण्यात खुणेचे खांब रोवत. तो खांब १८९४ मध्ये ओसाकाचं चिन्ह झाला. आमच्यातल्या एका मुलीचं आजोळ उत्तनला. तिने चित्र बघताक्षणी विचारलं, "बाई, हे डोलीचे खुंट का?" डोल जाळं बांधायला कोळी समुद्रात खुंट रोवतात, ते तिने लहानपणापासून पाहिलेले. काम वेगळं, पण पाण्यात उभं केलेलं लाकूड तिने बरोबर ओळखलं होतं. मी सांगण्याआधी तिने चिन्ह अर्धं वाचलं होतं.

या शब्दाला आणखी एक पदर आहे. 'मि ओ त्सुकुशी' असं तोडून म्हटलं तर 'देह झिजवून' असा अर्थ निघतो, आणि जुन्या जपानी कवितेत प्रेमात झिजणाऱ्या माणसाच्या तोंडी हा श्लेष येतो. श्लेष आपल्याला नवा नाही, पंतकवींनी तो भरपूर खेळवलाय. पण महानगराच्या गटाराच्या झाकणावर, कचऱ्याच्या गाडीवर असा शब्द रोज दिसतो, हे मला फार भिडतं.

हिरोशिमाचं चिन्ह म्हणजे वर्तुळात तीन नागमोडी पट्टे, १८९६ सालचं. इथे दोन गोष्टी एकत्र वाचायच्या. जुन्या आसानो घराण्याच्या निशाणावर तीन पट्टे होते; ते घेतले. आणि त्या पट्ट्यांना लाटेसारखा बाक दिला, कारण शहर ओता नदीच्या फाट्यांमधल्या गाळाच्या बेटांवर वसलंय. म्हणजे सरळ पट्टा सरदाराचा आणि बाक नदीचा. चिन्हाचा एखादा भाग जुन्या निशाणावरून आलेला दिसला, तर मूळ कसं होतं ते शोधून बाजूला काढा. बदललं काय ते बघा. शहराचं स्वतःचं म्हणणं त्या बदलात असतं.

मग साल विचारा

चिन्ह, फूल, झाड, प्रत्येकाच्या पुढे साल लिहायचं आणि शेजारी त्या साली शहरात काय घडलं ते. आम्ही वहीत तीन रकाने आखतो. योकोहामाच्या पानावर असं दिसतं: चिन्ह १९०९, बंदराला पन्नास वर्षं. झाडं १९७१. फूल १९८९, शहर म्हणून शंभर वर्षं पूर्ण. फूल कोणतं, तर गुलाब. आता गुलाब काही मूळ तिथला नव्हे, मग का? तर बंदर उघडल्यावर युरोपातले गुलाब परदेशी वस्तीबरोबर तिथे आले आणि तिथून पुढे गेले. १८५९ हे साल माहीत नसेल तर गुलाब नुसताच गुलाब दिसतो.

झाडं सहा आहेत: गिंको, केयाकी, कॅमेलियाच्या कुळातली त्सुबाकी आणि साझांका, लालभडक फळांच्या घोसांची सांगोजु, आणि ओकच्या कुळातली शिई. यातल्या त्सुबाकीचं फूल पाकळी पाकळी झडत नाही, अख्खं गळून पडतं. बाकीच्यांवर मी वेळ घालवत नाही; आपल्याकडे ती बघायला मिळत नाहीत आणि न बघितलेल्या झाडावर बोलण्यात अर्थ नाही.

योकोहामाच्या पानावर आम्ही एक ओळ लाल शाईने लिहिली आहे: १ सप्टेंबर १९२३. त्या दिवशीच्या महाभूकंपात शहर कोसळलं आणि जळालं. ढिगाऱ्याने समुद्रकाठ भरून काढला आणि त्यावर यामाशिता बाग केली, १९३० मध्ये ती उघडली. तिथे आज गुलाबांचे वाफे आहेत. त्याच बागेत घुमट असलेली एक पाणपोई आहे, 'भारतीय जलस्तंभ' म्हणतात तिला. भूकंपात सापडलेल्या भारतीय व्यापाऱ्यांना, ते बहुतेक रेशमाच्या धंद्यातले, शहरातल्या लोकांनी मदत केली होती. त्याची आठवण आणि आभार म्हणून तिथल्या भारतीयांनी १९३९ मध्ये ती बांधून दिली. आतल्या छताला रंगीत तुकड्यांची नक्षी आहे. सरकारी यादीत ही पाणपोई शहराचं चिन्ह म्हणून नाही. पण मुंबईच्या मुलाने योकोहामा वाचायचं आणि ही ओळ सोडायची, हे मला पटत नाही. आपल्याकडेही धर्मादाय पाणपोया आहेत, जुन्या, दगडी. दूरच्या गावाने आपल्याला सावरलं तर आपण तिथे पाण्याची सोय करतो, ही कल्पना मुलांना समजावून सांगावी लागत नाही.

फूल हातात घ्या

पुस्तकातल्या चित्रावरून फूल काढू नका. सुदैवाने हिरोशिमाचं फूल मुंबईत पावलोपावली आहे: कण्हेर. हो, तीच, महामार्गाच्या दुभाजकावर आणि सोसायटीच्या कुंपणाला असते ती. जपानीत 'क्योचिकुतो'. नावातच वर्णन आहे, बांबूसारखं पान आणि पीचसारखं फूल. तिकडच्या फुलझाडांच्या पुस्तकांत तिचं मूळ भारताकडचं सांगतात.

६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठ वाजता तिथे अणुबाँब पडला. या मातीत पंचाहत्तर वर्षं काही उगवणार नाही, असं तेव्हा लोकांत बोललं जात होतं. आणि जळक्या मातीत लवकर फुललेलं फूल म्हणून कण्हेरीची आठवण राहिली. १९७३ मध्ये तीच शहराचं फूल ठरली आणि कापराचं झाड शहराचं झाड.

आम्ही हा धडा ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी करतो. पाऊस असतो, गॅलरीत पन्हाळीचं पाणी वाजत असतं. मी खालच्या कुंपणावरून गुलाबी कण्हेरीची एकच डहाळी आणते आणि पाण्याच्या पेल्यात मधोमध ठेवते. आधी पान बघायचं. मधली शीर पांढरट आणि ठळक, तिच्यापासून बारीक शिरा जवळजवळ काटकोनात कडेपर्यंत गेलेल्या, शिंप्याच्या टाक्यांसारख्या एकमेकींना लागून. बहुतेक पानं तीन-तीनच्या गटाने एकाच पेराला फुटतात. फुलाला पाच पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळी एकाच दिशेला किंचित पिळलेली, पंख्याच्या पात्यासारखी. मुलं नेहमी पाच सारख्या गोल पाकळ्या काढतात, जासवंद आठवून. ती पीळ आली की चित्र कण्हेरीचं होतं. हे सगळं होईस्तोवर तासभर जातो आणि हिरोशिमाबद्दल मी दहा वाक्यंही बोललेली नसते. तरी मुलं गप्प असतात.

दोन सूचना मात्र पाळाच. कण्हेर विषारी आहे. डहाळी मोठ्या माणसाने तोडावी, चीक हाताला लागू देऊ नये, चित्र झाल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत, आणि पेल्यातलं पाणी लगेच ओतून टाकावं. दुसरं, पिवळ्या घंटेसारख्या फुलांची जी बिट्टी असते तिलाही लोक पिवळी कण्हेर म्हणतात. ते झाड वेगळं, आणि तेही विषारीच. ते आणू नका.

पक्ष्यासाठी तोक्यो घ्या. तोक्योचा पक्षी 'युरिकामोमे', १९६५ पासून. हा काळ्या डोक्याचा कुरव हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावरही येतो. जुन्या कवितेत त्याला 'राजधानीचा पक्षी' म्हटलंय. डिसेंबर-जानेवारीत शिवडीच्या खाडीकडे जा. नाव काळ्या डोक्याचा असलं तरी त्या दिवसांत डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त शाईचं बोट लागल्यासारखा एक ठिपका. चोच आणि पाय लाल. तपकिरी डोक्याचा त्याचा भाऊ सोबतच उडत असतो, आणि उडताना पंखाचं टोक बघितल्याशिवाय दोघांत फरक करणं कठीण. मुलांना तिथेच उभ्या उभ्या रेखाटायला लावा, घरी आल्यावर नव्हे.

जमिनीकडे बघा

कोणी नातेवाईक जपानला जाणार असेल तर मंदिरांचे फोटो मागू नका, गटाराच्या झाकणांचे मागा. तिथली मलवाहिनीची ओतीव लोखंडी झाकणं म्हणजे शहराची ओळखच. मध्ये चिन्ह, भोवती शहराचं फूल किंवा झाड, एखादा पूल, किल्ला. काही रंगीतसुद्धा. २०१६ पासून या झाकणांची कार्डंही काढली जातात. ज्या त्या गावी जाऊन मागितल्याशिवाय मिळत नाहीत, आणि मागच्या बाजूला चित्राचा अर्थ लिहिलेला असतो. माझ्या भाचीने तीन आणली. पावसाळ्यात उघड्या झाकणाची धास्ती आपण मुंबईकर जाणतो. पाय ठेवायच्या वस्तूवर इतकी काळजी खर्च केलेली बघून मी ती कार्डं बराच वेळ हातात धरून बसले होते.

झाकण उपयोगी पडतं ते आणखी एका कारणाने. लोखंडात ओतलेल्या आकृतीला रंग नसतो आणि बारीक रेघ टिकत नाही. जुनी चिन्हं जाड, एकरंगी आणि मोजक्या रेघांची आहेत, म्हणून ती लोखंडात नीट उतरतात. नवी चिन्हं बघा, विशेषतः २००५ च्या आसपासची. त्या सुमारास जपानमध्ये शेकडो गावं एकमेकांत विलीन झाली, बत्तीसशेच्या वर असलेली संख्या सतराशेवर आली. विलीन गावांची जुनी चिन्हं गेली आणि नव्यांत दोन-तीन रंग, हवेत फेकल्यासारखी वळणं, हिरवा डोंगर आणि निळं पाणी. त्यांतली कितीतरी एकमेकींसारखी दिसतात. मला जुनी आवडतात, हे मी लपवत नाही.

चुका होतात त्या ठरावीक. शहर आणि प्रांत यांची गल्लत सगळ्यात जास्त. हिरोशिमा शहराचं फूल कण्हेर, पण हिरोशिमा प्रांताचं मोमिजी, म्हणजे मेपल. योकोहामाचं गुलाब, पण ज्या कानागावा प्रांतात ते आहे त्याचं यामायुरी, डोंगरी लिली. माहिती घेताना कोणत्या कार्यालयाची आहे ते वरती बघा. दुसरी गल्लत लाडक्या बाहुल्यांची. हिकोने शहराचा हिकोन्यान, लाल शिरस्त्राणातलं पांढरं मांजर, किल्ल्याच्या चारशे वर्षांच्या २००७ मधल्या सोहळ्यासाठी आला आणि देशभर गाजला. तो शहराचा लाडका दूत आहे. शहराचं चिन्ह निराळं. तिसरी गोष्ट तोक्योच्या हिरव्या चिन्हाची. १९८९ चं ते चिन्ह सगळेजण गिंकोचं पान म्हणून ओळखतात, आणि गिंको तोक्योचं झाड आहेच. पण अधिकृत खुलासा असा की ते तीन सारख्या कमानींनी बांधलेलं रोमन 'टी' अक्षर आहे. अशा वेळी आम्ही वहीत दोन्ही लिहितो: ठरवणाऱ्यांनी काय म्हटलं, आणि बघणाऱ्यांना काय दिसलं.

चिन्ह मोठं करून काढायचं असेल तर चौकटींची जुनी पद्धत वापरा. शहराच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून चित्र घ्या, त्यावर अर्ध्या सेंटीमीटरच्या चौकटी आखा, कार्डशीटवर दोन सेंटीमीटरच्या, आणि एकेक घर उतरवत जा. मागच्या बाजूला वरच्या कडेला बाण काढून 'वर' असं लिहा. आमच्या त्या फलकाच्या मागे असा एक बाण असता तर पुरे होतं. आणि वहीत काढणं निराळं, टी-शर्टवर छापून विकणं निराळं. त्याला त्या शहराची परवानगी लागते.

सात-आठ शहरं वाचून झाली की मुलांना आपल्या भागाचं चिन्ह करायला सांगा. नियम तेच: नावातलं अक्षर, जवळचं पाणी, एखादं साल किंवा घटना, रंग एकच, आणि अंगठ्याच्या नखाएवढं केलं तरी ओळखू आलं पाहिजे. मागच्या खेपेला शिवडीहून येणाऱ्या मुलाने 'शि' घेतला. पहिल्या वेलांटीची त्याने रोहित पक्ष्याची मान केली, वर वळून पुन्हा खाली चिखलाकडे झुकलेली. नागासाकीचा करकोचा त्याच्या डोक्यात होता. शिरोरेषा वर न ठेवता त्याने खाली आणली. विचारलं तर म्हणाला, "चिखल खालीच असतो ना, बाई." मग आम्ही ते झेरॉक्सवाल्याकडून नखाएवढं लहान करून आणलं. मान नीट दिसत होती, पाय मात्र भरून काळा डाग झाला होता. त्याने घरी नेऊन पाय खोडले आणि पुढच्या शनिवारी पक्षी गुडघाभर चिखलात उभा करून आणला.